आबाजींचा गंधार उतरलेला, की पेटीचा चढलेला?

प्रश्न
आमचे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. कार्तिकात, कापूस वेचायला जाण्यापूर्वी, देवळात पहाटे काकडा होतो आणि माझे आबाजी तेथे एकतारीवर भजने म्हणतात. यंदा भजनी मंडळाने नवी पेटी घेतली. पेटीची साथ सुरू होताच आबाजींचा गंधार किंचित उतरलेला वाटू लागला आणि तरुण मंडळींनी त्यांना बेसूर ठरवले. नुसत्या एकतारीवर मात्र तोच गंधार अत्यंत गोड लागतो. असे का होते?

उत्तर
माझ्या मते आबाजींचा गंधार खरा आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. अर्ध्या स्वराचे अंतर १०० सेंट धरले, तर तिचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो, आणि एकतारीच्या तारेतही तोच दडलेला असल्यामुळे आयुष्यभर तिच्यावर गाणाऱ्याचा गळा तेथेच जाऊन टेकतो. पेटी मुळात युरोपातून एकोणिसाव्या शतकात आली. ठाम स्वरांच्या या वाद्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही, या आक्षेपामुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली.

दुसरे उत्तर
वरील म्हणणे मान्य आहे, परंतु तरुणांचा कानही दोषी नाही. तो पेटी ऐकतच घडला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ज्या गंधाराला शुद्ध म्हटले, तो आजच्या कोमल गंधाराच्या जवळचा होता, म्हणजे ‘शुद्ध’ या शब्दाचाच अर्थ सरकला आहे. मध्ययुगाच्या आरंभी युरोपातील शास्त्रकार तर षड्ज-गंधाराची जोडी विसंवादी मानत असत, आणि पुढे तेथील संगीत त्याच जोडीवर उभे राहिले.

पेटी बाजूला ठेवण्याची गरज नाही. पंचमात फरक जेमतेम २ सेंटांचा आहे, म्हणून पेटीवाल्याने षड्ज-पंचम धरून ठेवावेत आणि गंधार आबाजींच्या गळ्यावर सोडावा.

प्रश्नकर्ता
आज पहाटे तसेच केले. पेटीवाल्याने दोनच पट्ट्या दाबून भाता चालू ठेवला, आणि आबाजींनी गंधारावर नेहमीपेक्षा बराच वेळ थांबून मगच पुढचे चरण घेतले.