वायरलेस थर्मामीटर: भट्टीचं झाकण टाकलं की फोनवरचा आकडा गायब होतोय, मदत हवी आहे

गच्चीवरची भट्टी (लातूर)

नमस्कार मंडळी,

मटण भाजायला वायरलेस थर्मामीटर घेतलाय आणि त्यानं डोकं खाल्लंय. कुणी वापरत असेल तर सांगा राव.

ज्यांनी ही वस्तू बघितली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. पेन्सिलीएवढी स्टीलची सळई आहे. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला सिरॅमिकचं काळं बोंड. टोक मटणात खुपसायचं, बोंड बाहेर राहतं. फोनवर दोन आकडे येतात, एक मटणाच्या आतला, दुसरा भोवतालच्या हवेचा. वायर नाही. डबीत ठेवली की चार्ज होते. ती डबी घरच्या वायफायला जोडली की म्हणे गंजगोलाईच्या बाजारात बसूनही मटण कुठवर आलं ते दिसतं. अजून तरी आम्हाला गच्चीवर बसूनही दिसलेलं नाही.

भट्टी म्हणजे दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आडवा चिरून केलेली. वर बिजागरीचं झाकण, एका अंगाला धुराडं, आत बाभळीचा कोळसा. शनिवार-रविवार ओळखीच्यांच्या ऑर्डरी असतात, बोकडाची अख्खी मांडी, कधी अख्ख्या कोंबड्या. बोकड इकडं बहुतेक उस्मानाबादीच मिळतो. दही, आलं-लसूण, काळा मसाला लावून रात्रभर ठेवायची, आधी उघडी भाजून रंग आणायचा, मग फॉइलमध्ये गुंडाळून मंद आचेवर.

आता अडचणी. माझ्या फोनवर ॲप सळई शोधतच नाही, नुसतं गोल गोल फिरायलंय. ब्लूटूथ चालू आहे. बायकोच्या नव्या फोनवर लगेच सापडली. माझा अँड्रॉइड १० वाला आहे.

मुख्य दुखणं पुढं आहे. बायकोच्या फोनवर जोडली तरी झाकण टाकलं की आकडा तुटक तुटक येतो आणि फॉइल गुंडाळलं की पार बंद. मी दहा पावलांवर उभा असतो. खोक्यावर तर ५० मीटर लिहिलंय.

एकदा मुद्दाम फॉइल न लावता झाकणाखाली ठेवली, म्हणजे तुटक का होईना आकडे दिसावेत. तर मटण ६८ पर्यंत झरझर चढलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. तासभर हलेना. ॲप आधी म्हणत होतं चाळीस मिनिटं राहिली, मग म्हणायला लागलं दीड तास. सेन्सर अडकला की मटण?

खरं-खोटं करायला उकळत्या पाण्यात धरली तर ९८ दाखवतेय. दुकानदार म्हणतो १०० नाही म्हणजे पीस खराब, बदलून घ्या. बदलायची मुदत संपत आलीय, म्हणून जरा घाई आहे.

आणि ॲपच्या यादीत बोकड नाहीच! लॅम्ब आहे, पण ते लावलं की ६० च्या आसपास घंटा वाजते. तेव्हा काढून दिलं तर गिऱ्हाईक ते मटण माझ्याच अंगावर फेकतील. आकडा किती लावू?

---

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, दुकानदाराचं ऐकून पीस परत करू नका. ९८ बरोबर आहे. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीला. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून ते आधीच उकळतं. साधारण ३०० मीटरला एक अंश धरा. लातूर सहाशे मीटरच्या वर आहे, तिथं १०० दाखवली असती तर उलट शंका घ्यायला हवी होती. आम्ही नांदेडवाले तुमच्यापेक्षा खाली, आमच्याकडं जवळजवळ ९९ ला उकळतं.

तरी मनात राहत असेल तर बर्फात तपासा, तिथं उंचीची भानगड नाही. बर्फ बारीक कुटून ग्लासभर घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा आणि टोक मधोमध धरा, काचेला लागू देऊ नका. शून्याच्या आजूबाजूला आलं की झालं. वर चार खडे तरंगतायत आणि खाली नुसतं पाणी, असं केलंत तर तळाला तीन-चार अंश येतील आणि तुम्ही पुन्हा दुकानात जाल.

फोनचं सोपं आहे. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरची वस्तू शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि फोनचं लोकेशनचं बटणही चालू असावं लागतं. मटणाचा आणि लोकेशनचा काय संबंध, म्हणून लोक नकार देतात आणि तिथंच अडतं. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी आली, म्हणून वहिनींच्या फोनवर अडलं नाही. फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून जोडत बसू नका, ॲपमधूनच जोडा. वहिनींचं ॲप आधी पूर्ण बंद करा, कारण अशा बऱ्याच सळया एका वेळी एकाच फोनला धरतात. आणि बॅटरी बचतीतून हे ॲप वगळा. नाहीतर स्क्रीन काळी झाली की फोन ॲपला झोपवतो आणि घंटा वाजायची ती वाजतच नाही.

---

उदगीरची लेक

दादा, फॉइल हाच तुमचा चोर.

सळईचा अँटेना त्या काळ्या बोंडात असतो. स्टीलमधून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून तर कंपनी तेवढं टोक सिरॅमिकचं करते. तुम्ही त्यावर फॉइल गुंडाळता, वरून लोखंडी झाकण टाकता. मग आकडा यायचा कुठून? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, मायक्रोवेव्हही त्याच्याच जवळ. त्याच्या दाराच्या जाळीला भोकं दिसतात तरी लहर बाहेर येत नाही, कारण लहरीची लांबी १२ सेंटीमीटरच्या आसपास आणि भोकं पिटुकली. तुमच्या ड्रमला झाकणाची फट आणि धुराड्याचं तोंड आहे, त्यातून जे निसटतं तेवढ्यावर तुमचा तुटक आकडा चाललाय. ५० मीटर हे मोकळ्या मैदानातलं मोजमाप.

फॉइल सोडायची गरज नाही. सळईवर एक खूण असते, तिथपर्यंत ती मटणात गेलीच पाहिजे. आतले नाजूक भाग त्या खुणेच्या अलीकडं, टोकाच्या बाजूला असतात, मटणाचा ओलावा त्यांना वाचवतो. तेवढी गेली की फॉइल त्या गळ्याशी पुरचुंडीसारखं आवळा आणि बोंड बाहेर ठेवा. बोंडाचं तोंड झाकणाच्या फटीकडं किंवा धुराड्याकडं करा. कोळशाकडं नको, जाळीला चिकटूनही नको.

चार्जिंगची डबी फटीसमोर हात-दोन हात लांब, विटेवर ठेवा. ड्रमवर ठेवू नका, प्लास्टिक आहे. सळई ते डबी ब्लूटूथ, डबी ते घर वायफाय, असा तो प्रवास. वायफायला जोडताना राउटरचं २.४ वालं नाव निवडा. अशा डब्या बहुतेक ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत, आणि दोन्हीला एकच नाव असेल तर जोडणी अर्ध्यात लटकते. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना? आपल्याकडं लाइट नेमकी रविवारी दुपारी जाते.

एक बारीकसं. डबीत सळई जिथं टेकते तिथले पितळी टिपके आणि सळईचा तो भाग दर वेळी पुसा. चरबी-मसाल्याचा पातळ थर बसला तरी चार्ज होत नाही आणि माणूस बॅटरी गेली म्हणून रडतो.

---

गच्चीवरची भट्टी (लातूर)

गोदाकाठ भाऊ, लोकेशन चालू केलं आणि क्षणात सापडली. बर्फात ०.३ आलं. दुकानदाराला फोन करून समुद्रसपाटी समजावली, तो म्हणाला बघतो. ताई, पुरचुंडीचं या रविवारी करतो. ६८ वर का अडतं ते कुणी सांगेल का?

---

दगडी चूल (अंबाजोगाई)

अडत नाही, घाम येतो त्याला.

मटण तापलं की आतलं पाणी पृष्ठभागावर येतं आणि वाफ होऊन जातं. वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. ६५-७० च्या पुढं एक वेळ अशी येते की कोळसा जेवढी उष्णता देतो तेवढी वाफ घेऊन जाते, आणि आकडा जागचा हलत नाही. माठातलं पाणी गार होतं तोच हा हिशोब. कोळसा वाढवून घाई केलीत तर बाहेरून करपेल. फॉइल गुंडाळलं की वाफ आतच कोंडते आणि आकडा पुन्हा चढू लागतो, म्हणजे तुमची जुनी रीत बरोबरच आहे. ॲपचा अंदाज मात्र चढाच्या वेगावर बांधलेला, चढ थांबला की तोही गडबडतो. वेळेकडं बघूच नका.

आता आकडा. ॲपमधलं लॅम्ब म्हणजे कोवळं मेंढरू, आतून गुलाबी ठेवून खाणाऱ्यांसाठी. आपलं बोकड चरून हिंडलेलं असतं. त्याच्या मांडीत चिवट धागे भरपूर, ते विरघळून मऊ व्हायला ७० च्या वर बराच वेळ जावा लागतो. ॲपमध्ये स्वतःचा आकडा घालायची सोय असते, तिथं ९० लावा. घंटा वाजली की दुसऱ्या एखाद्या पातळ सळईनं चार ठिकाणी टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखी गेली तर उतरवा, नाहीतर ९३ पर्यंत जाऊ द्या. त्याच्या पुढं नको, मांडीला चरबी कमी असते, भुसा होतो. मग अर्धा तास झाकून ठेवा.

कोंबडीचं निराळं. तिला ७४ पुरे, पण सगळ्यात जाड भागात. टोक हाडाला टेकलं की आकडा फसवा येतो, मांडीतसुद्धा. बोकडाची मांडी लहान असेल तर सळई आडवी न घालता हाडाच्या समांतर लांबीनं घाला, म्हणजे खुणेपर्यंत जाते आणि हाडही चुकतं.

आणि सुरुवातीला उघडी भाजता तेव्हा सळई घालूच नका. टोकाची मर्यादा बहुतेक १०० अंशांची असते, बोंडाची मॉडेलप्रमाणे २७५ च्या आसपास. चरबी गळून जाळ उठला की ती कधी ओलांडली ते कळतही नाही. रंग आला, जाळ बसला, मग खुपसा.

---

नान-खलिया (छत्रपती संभाजीनगर)

काकांशी सहमत. कुणी तंदूरसाठी विचार करत असेल तर थांबा. आमच्या नानच्या तंदूरची भिंत ४०० च्या वर सहज जाते, तिथं ही सळई टिकायची नाही. कुकरमध्येही नको, शिट्टीच्या आत १२० अंश होतात. तिथं बाहेर काढून टोचायचा साधा घ्या.

मी हे लग्नाच्या ऑर्डरीला वापरतो, शिजवण्यापेक्षा गरम ठेवण्यासाठी. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) तपासणी यादीत मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याला ७५ अंश १५ सेकंद, ७० अंश २ मिनिटं किंवा ६५ अंश १० मिनिटं लागतात, आणि वाढेपर्यंत ७० वर ठेवायचं असतं. शाकाहारीला ६५. पंगत लांबली की खलियाची (मटणाच्या रश्शाची) देग कुठं घसरते ते फोनवर दिसतं, आचाऱ्याशी वाद घालावा लागत नाही. भट्टीवाले, तुमची मांडी घरपोच जाते ना? मग डब्यात जाताना किती होती आणि उतरताना किती, तेही एकदा बघा. ते जास्त कामाचं आहे.

---

परभणीची माई

आम्ही माळकरी, तुमच्या मटणात मला काही नको. पण थंडीत दही लागत नाही, त्याला ही सळई चालेल का?

---

उदगीरची लेक

चालेल की माई, फक्त स्वतःची घ्या, दादांची उसनी आणू नका. आणि पाण्यात बुडवलेली चालते असं खोक्यावर लिहिलंय का ते बघून घ्या. दूध उकळून उतरवलं की सळई खुणेपर्यंत बुडवा, बोंड दुधाच्या वर. ४५ च्या जरा खाली आलं की विरजण लावा. भांडं मातीचं घ्या आणि वर फडकं बांधा. स्टीलच्या डब्याला स्टीलचं झाकण लावलंत तर दादांचीच गत. रात्रीत ३० च्या खाली गेलं की दही लागायचं मंदावतं, तेव्हा भांडं घोंगडीत गुंडाळा. घोंगडीतून आकडा येतो.

---

गच्चीवरची भट्टी (लातूर)

रविवारचा अहवाल. बोंड फॉइलच्या बाहेर, तोंड धुराड्याकडं, डबी विटेवर. झाकण लावूनही आकडा सलग आला. खाली स्वयंपाकघरात मात्र जात नव्हता, डबी वायफायला जोडल्यावर तोही आला. ६९ वर थांबल्याबरोबर गुंडाळली, थोड्या वेळानं चढायला लागली. ९१ ला उतरवली. हाड हातानं निघालं.

एक राहिलं. फॉइलच्या गळ्यातून वाफ भसाभसा जायलीय आणि खालचा मसाला सुकला. म्हणून दुसऱ्या मांडीला गळ्याशी कणीक लिंपली, बिर्याणीच्या हंडीला लावतो तशी. वाफ थांबली, आकडाही आला. सळईला काही धोका नाही ना?

---

दगडी चूल (अंबाजोगाई)

बोंडावर कणीक चढू देऊ नका, फक्त गळ्याला. काढताना सळई पिळू किंवा ओढू नका, भाजलेली कणीक दगड झालेली असते आणि स्टील-सिरॅमिकचा सांधा तिथंच आहे. आधी उलथण्याच्या मुठीनं कणीक फोडा, मग सांडशीनं स्टीलला धरून सरळ उपसा. आणि गरम सळई गार पाण्याखाली धरू नका, सिरॅमिकला चीर जाते.