फिनेस्त्रेच्या घाटात चुकलं कोण: डेल तोरो की कारापाझ?

संत्राबाग
रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आमच्या चौघांत पुन्हा हाच वाद पेटला. धामणगाव गढी मागे पडलं तरी मिटेना, म्हणून इथे आणला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: २०२५ चा जिरो द इटालिया, म्हणजे इटलीतली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, ३१ मे, विसावा टप्पा, वेरेस ते सेस्त्रिएरे, २०५ किमी. शेवटून दुसरा दिवस. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची, मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक डेल तोरोच्या अंगावर. ४३ सेकंद मागे एक्वाडोरचा रिचर्ड कारापाझ, १ मिनिट २१ सेकंद मागे इंग्लंडचा सायमन येट्स. वाटेत फिनेस्त्रेचा घाट, साडेअठरा किमीचा, त्यातले वरचे आठ किमी कच्चे. घाट लागताच कारापाझने जोर मारला, डेल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. मागून येट्स आला, दोन-तीनदा उसळला आणि निसटला. हे दोघं मात्र ‘तू ओढ (म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घे), मी काय म्हणून ओढू’ करत राहिले. येट्सचा सोबती वाउट व्हान आर्ट सकाळीच पुढच्या टोळीत जाऊन बसला होता. घाट उतरल्यावर त्याने येट्सला दरीतून असं ओढलं की संध्याकाळी डेल तोरो त्याच्यापेक्षा पाच मिनिटांहून जास्त उशिरा पोचला.

माझं म्हणणं सरळ आहे. जर्सी ज्याची, राखण त्याची. रानडुकरं शिरली तर जागलीला शेतमालक उठतो, शेजाऱ्याची वाट पाहत खाटेवर पडून राहत नाही. चूक डेल तोरोची.

पांदणरस्ता
शेजाऱ्याचंही पीक त्याच डुकरांच्या वाटेत असेल तर? कारापाझ दुसरा होता आणि येट्सपेक्षा फक्त ३८ सेकंद पुढे. येट्स गेला की त्याचाही नंबर जाणार हे त्याला दिसत नव्हतं का?

डेल तोरोने एकट्याने ओढलं असतं तर कारापाझ आरामात मागे बसला असता आणि सेस्त्रिएरेच्या चढावर त्यालाच सोडून गेला असता. ४३ सेकंद म्हणजे काही फार मोठी पुंजी नव्हे. चाकामागे बसण्यात काय सुख असतं ते दर्यापूरकडे जाऊन पाहा. त्या खारपाणपट्ट्यात झाड नाही, आडोसा नाही. पश्चिमेचा वारा तोंडावर आला की पुढचा मरतो आणि मागचा गप्पा मारतो. पोराने हिशेब बरोबर केला होता, समोरच्याने साथ दिली नाही.

संत्राबाग
दर्यापूरचा वारा घाटात आणू नका. सपाटीवर ताशी ४० ने जाताना मागच्याची मेहनत खूप वाचते, मान्य. पण फिनेस्त्रेचा चढ सरासरी ९ टक्क्यांच्या वर आहे. एवढ्या चढावर वेग इतका पडतो की हवेचा अडसर फारसा उरत नाही, झुंज असते ती आपल्याच वजनाशी. तिथे पुढे राहिलं काय न् मागे राहिलं काय, फरक थोडाच. आपल्या दमाने चढायचं, कोण चिकटलंय ते बघायचं नाही. अंतर घाटातच आटोक्यात ठेवायला हवं होतं. दरीत उतरल्यावर व्हान आर्टसारखं इंजिन समोर असताना कोण काय करणार?

वऱ्हाडी चाक
भाऊ, तुमी दोघंबी गोष्ट लांबवून रायले. बैलायच्या पटात जोडी सुटली का सुटली, धुरकरी मांगं पाहत नाई. हे दोघं तं घाटात एकमेकाच्या तोंडाकडे असे पाहत होते जसं काई सोयरीक जमवाले आले. मले इचाराल तं दोघंबी सारखेच येडे. तळेगाव दशासरच्या शंकरपटात असं केलं असतं तं लोकायनं हुर्यो करून मैदानाबाहेर काढलं असतं.

मोर्शीची ताई
पटाची उपमा ऐकायला छान आहे, पण पट सेकंदांत संपतो. इथे तीन आठवडे, २१ टप्पे. मागे पाहणं हाही या खेळाचा भागच आहे.

मला मात्र राग कारापाझचा येतो, आणि त्याला कारण आहे. २०१९ चा जिरो आठवा. कूर्मायूरच्या टप्प्यावर निबाली आणि रोग्लिच हे दोन दावेदार असेच एकमेकांवर डोळे लावून बसले होते. त्या दिवशी तिसरा निसटला आणि गुलाबी जर्सी घेऊन गेला. तो तिसरा कोण? हाच कारापाझ! दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हा धडा ज्याने स्वतः दुसऱ्यांना शिकवला, तोच सहा वर्षांनी भांडणाऱ्यांत जाऊन बसला. एकवीस वर्षांच्या पोराला मी माफ करीन, याला नाही.

आणि मिळवलं काय? अंतिम निकालात येट्स पहिला, डेल तोरो ३ मिनिटं ५६ सेकंद मागे, कारापाझ ४ मिनिटं ४३ सेकंद मागे. म्हणजे दोघांतलं अंतर ४३ चं ४७ झालं. चार सेकंदांसाठी एवढी कोर्टकचेरी. बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन भावकऱ्यांनी वकिलाला एकर विकून द्यावं, तसलाच प्रकार.

पांदणरस्ता
२०१९ चं लक्षात नव्हतं. ते पाहता कारापाझवर जास्त बोट जातं, हे तर माझंच म्हणणं होतं!

डबलसीट
सगळे हरणाऱ्यांवरच बोलताय. येट्सचं कोणी काही बोलेल का? २०१८ मध्ये याच फिनेस्त्रेवर गुलाबी जर्सी घालून तो कोसळला होता. त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस फ्रूम ८० किमी एकटा पळाला आणि येट्सच्या हातून सगळं गेलं. सात वर्षांनी त्याच घाटात येऊन त्याने वसूल केलं. गंमत म्हणजे त्याचा जुळा भाऊ ॲडम डेल तोरोच्याच संघात होता. एक भाऊ ज्याच्यासाठी राबला, त्याचीच जर्सी दुसऱ्याने काढून घेतली. घरी काय बोलले असतील कोण जाणे.

चूक शोधायचीच तर मी डेल तोरोच्या संघाच्या गाडीत, डावपेच सांगणाऱ्यांत शोधतो. व्हान आर्ट पुढे गेलाय हे सगळ्या जगाला दिसत होतं. त्याला उगाच का पाठवतील?

संत्राबाग
येट्सला मुजरा आहेच. पण डबलसीट, गाडीत बसलेला पायडल मारत नाही. अकरा दिवस जर्सी मिरवली, बोर्मिओचा टप्पा जिंकला, पायात ताकद होती हे पोराने दाखवलं होतं. त्या दिवशी ती ताकद त्याने वापरलीच नाही, माझं दुखणं एवढंच. थकून हरला असता तर मी हा धागा काढला नसता.

मोर्शीची ताई
वापरली असती आणि सेस्त्रिएरेच्या चढावर कारापाझने मागे टाकलं असतं, तर तुम्हीच ‘पोराला अक्कल नाही, एकटाच ओढत बसला’ म्हणून धागा काढला असता.

वऱ्हाडी चाक
ताई बराबर बोलली. अन् संत्राबाग, रविवारी घाटात तुमी कोनाच्या चाकामांगं होते ते सांगू का इथं?