विषय: महालक्ष्म्यांचा खवा खराब निघाला, दुकानदार पैसे देईना

प्रेषक: लातूरकर

मंडळी, तातडीचं आहे. बापूंनी महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी लातुरात दोन किलो खवा घेतला. पैसे मी इथून परदेशातून माझ्या तिकडच्या, भारतातल्या खात्यातून यूपीआयनं दुकानदाराला पाठवले. संध्याकाळी आईनं पिशवी सोडली तर आंबूस वास, कडेला हिरवट ठिपके, बोटानं दाबलं की तार सुटते. बापू तसेच परत गेले. दुकानदार म्हणतो, "बिल दाखवा. अन् घरी नेल्यावर तुम्ही कसा ठेवला ते आम्हाला काय माहीत?" बिल त्यानं दिलंच नव्हतं! वर भिंतीवरची पाटी दाखवली, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. चार गिऱ्हाइकांसमोर बापू मान खाली घालून घरी आले, हे मला सहन होत नाही. बिल नसताना काही करता येतं का? परभणीकर काका, तुम्ही मागं फ्रीजच्या वेळी लढला होतात ना?

प्रेषक: नांदेडची वहिनी

आधी आईंना फोन कर, खवा फेकू नका म्हणावं. आमच्या सासूबाईंनी खराब पनीर उकिरड्यावर टाकलं अन् मग भांडायला गेल्या. "माल कुठाय?" एवढ्या एका प्रश्नावर परत आल्या. थोडा डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, वर चिठ्ठी लावा, नाहीतर पाहुण्यांच्या गडबडीत कुणीतरी खाईल. पिशवीचा, खव्याचा अन् त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. आणि नैवेद्याचं काय केलं शेवटी?

प्रेषक: लातूरकर

पुरणावर भागवलं वहिनी. फोटो भाचीनं काढलेत. डबा ठेवलाय.

प्रेषक: औंढेकर, लंडन

इथं ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानं सदोष माल ३० दिवसांत परत करता येतो. खव्यासारख्या नाशवंत मालाला मात्र तो जितका टिकायला हवा तितकीच मुदत. तिकडं असं काही नाही का? नसेल तर सरळ अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा, नमुना तपासून घ्या, दुकानाला टाळं लागेल.

प्रेषक: परभणीकर काका, सध्या मुक्काम छत्रपती संभाजीनगर

औंढेकर, इकडं भारतातही आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. ते नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा. आणि बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमातली अनुचित प्रथा. म्हणजे जो दुकानदार स्वतः बिल देत नाही, त्यानंच बिल मागायचं! हे मला फार लागतं. आपली म्हातारी माणसं इथंच गप्प बसतात. भिंतीवरच्या पाटीनं कायदा बदलत नाही.

बिल नाही म्हणून खरेदी झालीच नाही असं होत नाही. यूपीआयची नोंद आहे, तारीख आहे, वेळ आहे, दुकानाचं नाव आहे. पैसे मुलानं दिले, खवा आईबापांनी नेला, म्हणून अडत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे. बापू स्वतः तक्रारदार होऊ शकतात.

आता दुकानाला टाळं लागण्याचं. प्रशासन दुकानावर कारवाई करील, बापूंचे पैसे ते मिळवून देणार नाही. या दोन वाटा वेगळ्या. घरी उघडलेल्या खव्याचा नमुना तपासायलाही अडचण आहे. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण तसं करणार आहे हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. बापूंनी कुठं सांगितलं असणार? तरी १८०० २२२ ३६५ वर तक्रार नोंदवा. अधिकारी दुकानात जाऊन स्वतः नमुना घेऊ शकतात, पुढच्या गिऱ्हाइकाचं तरी पोट वाचेल.

पैशासाठी आधी दुकानदाराला लेखी पत्र, स्पीड पोस्टानं, फोटो जोडून. भाषा साधी ठेवा, शिवीगाळ नको. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते मध्यस्थी करतात, आदेश काढत नाहीत. तरीही नाही ऐकलं तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. मुदत २ वर्षं. दोन किलो खव्यासाठी एवढं करायचं का, असं कुणी विचारू नये. करायचं.

प्रेषक: औंढेकर, लंडन

काका, पण खवा घरी खराब झाला असं तो म्हणाला तर? लातुरात लाइट जाते हे त्यालाही माहीत आहे.

प्रेषक: परभणीकर काका

सकाळी घेतलेल्या खव्याला संध्याकाळी बुरशी येत नाही हो. आमच्या घरी म्हशी होत्या, खवा आटवताना मी कढईपाशी बसलोय. बुरशीला दिवस लागतात. पत्रात घेतल्याची आणि उघडल्याची वेळ दोन्ही लिहा, तिथंच त्याचं म्हणणं पडतं.

प्रेषक: मंडळाचे सचिव

सर्वांना विनंती, मंडळाची ही ई-मेल यादी कार्यक्रमांसाठी आहे. अशा प्रश्नांना मदत समिती नेमलेली आहे, तिला कळवावं. संक्रांतीच्या तिळगुळावरून यादीवर जे झालं ते पुन्हा नको.

प्रेषक: नांदेडची वहिनी

सचिवसाहेब, मदत समितीत मीच आहे. आणि निम्म्या सभासदांचे आईवडील तिकडं एकटे आहेत, हे यादीवर नाही तर कुठं बोलायचं?

काका, सुट्या मिठाईच्या ट्रेवर किती दिवसांपर्यंत चांगली ते लिहावं लागतं ना आता?

प्रेषक: परभणीकर काका

हो, १ ऑक्टोबर २०२०पासून. आणि १ जानेवारी २०२२पासून बिलावर अन्न सुरक्षा कायद्याचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. बिल मागायची सवय लावा घरच्यांना, त्यात हा क्रमांक आपसूक हातात येतो.

प्रेषक: लातूरकर

पत्राचा मसुदा करून बापूंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी 'कृपया' हा शब्द एका ठिकाणी वाढवायला सांगितला. भाची उद्या पोस्टात टाकते. काका, दुकानदाराचा परवाना क्रमांक माहीत नाही, तो नसताना १८००वर तक्रार घेतील का?

प्रेषक: परभणीकर काका

दुकानाचं नाव, पत्ता सांगा. परवाना दुकानात दिसेल असा लावायचा असतो, भाचीला जाताजाता फोटो काढायला सांग.