मेडिकेअर आरपीएम: यादीतले कोणते पेशंट गाळायचे?

प्रश्न (पुणे_बिलिंग): अमेरिकेतल्या एका प्रायमरी केअर क्लिनिकची आरपीएमची (पेशंटच्या घरच्या उपकरणातून दुरून लक्ष ठेवणं) यादी आलीय. बिल मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला. बहुतेक बीपीवाले, दोन-चार नुसते प्री-डायबेटिक, आणि काही जण क्लिनिकमध्ये कधी पाऊलही न टाकलेले. एकाची तर १२ दिवसांचीच रीडिंग्ज आहेत. क्लेम टाकण्याआधी कोणाला वगळायचं?

कोडर_काका: पहिली चाळणी एस्टॅब्लिश्ड, म्हणजे क्लिनिकने आधी तपासलेल्या पेशंटची. नव्या पेशंटना थेट घेण्याची कोविडकाळातली सवलत ११ मे २०२३ ला संपली. कधीच न आलेल्यांची आधी व्हिजिट, मगच आरपीएमची ऑर्डर.

आजार जुनाटच हवा असं नाही, ॲक्यूट (अचानक आलेला, थोड्या काळाचा) ही चालतो. त्यामुळे प्री-डायबेटिक नाव बघून कुणाला गाळू नका. काय मोजायचं, का मोजायचं आणि त्यावरून उपचारात काय ठरणार हे डॉक्टरांनी नोटमध्ये लिहिलंय का, ते बघा. "मॉनिटर बीपी" एवढंच असेल तर नोट परत पाठवा. संमती तोंडी चालते, पण चार्टमध्ये नोंद हवीच.

डिनायल_डेस्क: १२ दिवसांचं उत्तर तारखेवर आहे. २०२५ पर्यंतची सेवा असेल तर ९९४५४ चा (उपकरण आणि त्याच्या डेटाचा बिलिंग कोड) क्लेम सोडून द्या. त्याला ३० दिवसांत किमान १६ दिवसांचा डेटा लागतो. १ जानेवारी २०२६ पासून २ ते १५ दिवसांसाठी ९९४४५ हा वेगळा कोड आहे. एकाच ३० दिवसांत दोन्ही लावायचे नाहीत.

मोजायचे ते दिवस, रीडिंग्ज नव्हेत. एका सकाळी चारदा बीपीचा पट्टा बांधला तरी दिवस एकच. वहीत लिहून फोनवर सांगितलेले आकडेही धरू नका. एफडीएच्या (अमेरिकेची औषध-उपकरण नियामक संस्था) व्याख्येत बसणाऱ्या वैद्यकीय उपकरणातून ते आपोआप यायला हवेत.

आणि "घरी दुसऱ्या डॉक्टरांचं मशीन आहे का?" हे पेशंटला विचारायला लावा. कार्डिऑलॉजिस्टने आधीच बिल केलं असेल तर तुमचं उडतं, कारण ३० दिवसांत उपकरणाचे पैसे एकाच प्रोव्हायडरला मिळतात.

पुणे_बिलिंग: आणि ९९४५७ ची (डेटा बघून पेशंटशी बोलण्याच्या वेळेचा कोड) २० मिनिटं? फोन इथल्या नर्सने केले तर?

कोडर_काका: नाही! अमेरिकेबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देत नाही. इथून चार्ट तपासा, क्लेम टाका. पेशंटशी बोलणं तिकडच्या स्टाफकडेच. शिवाय ही मिनिटं कॅलेंडर महिन्यात मोजतात, ९९४५४ सारखी ३० दिवसांच्या खिडकीत नाही. दोन्हींचे वेगळे कॉलम ठेवा.