वाढ घडवणारे जनुकच पेशीला मारत असेल, तर कर्करोग होतो कसा?

प्राणिशास्त्र_विद्यार्थिनी:
आमच्या पाठ्यपुस्तकात कर्करोगाशी निगडित जनुकांचे दोनच गट दिले आहेत: पेशीविभाजनाला चालना देणारी आणि ते रोखणारी. एमवायसी हे जनुक पहिल्या गटात येते. मात्र एमवायसी अतिसक्रिय झालेल्या पेशी पुष्कळदा मरतात, असेही वाचनात आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेशीविज्ञान_अध्यापक:
आपले वाचन बरोबर आहे. एमवायसी सतत सक्रिय ठेवलेल्या पेशींना पोषक रक्तद्रव मिळेनासा झाला, की त्या विभाजन न थांबवता आत्मनाशाच्या मार्गाला लागतात, हे 1992 मध्ये प्रयोगाने दिसून आले. यामागची एक साखळी आता चांगली माहीत आहे. एरवी एमडीएम2 हे प्रथिन पी53 या प्रथिनाचा सतत नाश घडवून आणते आणि त्यामुळे त्याचे प्रमाण कमी राहते. विभाजनाची आज्ञा अवाजवी जोरदार झाली, की एआरएफ हे प्रथिन तयार होते, ते एमडीएम2 ला अडवते आणि पी53 पेशीत साचू लागते. साचलेले पी53 एकतर पी21 या जनुकामार्फत विभाजन थांबवते, नाहीतर प्यूमा, नॉक्सा यांसारखी जनुके जागी करून पेशीला मृत्यूकडे नेते. म्हणून एकट्या एमवायसीच्या बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. मृत्यूची वाटही कुठेतरी बंद व्हावी लागते. मानवातील जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी53 चे जनुक बिघडलेले आढळते, ते उगीच नव्हे.

रक्तविकार_अभ्यासक:
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते, कारण पाठ्यपुस्तकातील दोन गटांत न बसणारे एक जनुक आहे: बीसीएल2. फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात बहुधा 14 व्या आणि 18 व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि हे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन अखंड सक्रिय राहते. मेलबर्नमधील डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी 1988 मध्ये दाखवले, की ते पेशींची संख्या वाढवत नाही, तर वाढीचा संकेत काढून घेतल्यावरही त्यांना जिवंत ठेवते. माझ्या मते हा शोध या साऱ्या विषयाचा कणा आहे. मृत्यू टाळणे हेही कर्करोगाचे मूळ कारण असू शकते, हे तिथूनच पक्के झाले. पुढे उंदरांत एमवायसी आणि बीसीएल2 दोन्ही एकत्र सक्रिय केल्यावर अर्बुदे फार लवकर उद्भवली. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर या प्रयोगात आहे.

प्राणिशास्त्र_विद्यार्थिनी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पी53 च नष्ट झाले असेल, तर त्या पेशीला मृत्यूकडे वळवण्याचा काही मार्ग उरतो का?

रक्तविकार_अभ्यासक:
उरतो. बीसीएल2 चे काम साखळीत पी53 च्या पुढच्या टप्प्यावर चालते: बॅक्स आणि बॅक ही प्रथिने मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकाच्या) आवरणाला छिद्रे पाडतात, त्यातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडते आणि कॅस्पेस विकरे पेशीचे विघटन करतात, बीसीएल2 या छिद्रांनाच प्रतिबंध करते. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल2 च्या खोबणीत बसून तो प्रतिबंध उठवते. 2016 मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, तीही दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अशा पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांसाठी, ज्यांच्या 17 व्या गुणसूत्राचा पी53 असलेला भाग गळालेला असतो. अशा रुग्णांत आजार उलटण्याचा धोका मात्र इतरांपेक्षा अधिक राहतो.