डॅमेज कमी, फक्त गोळीचा वेग जास्त, तर बंदूक सरस कशी?

आडवा_पळ: पबजीत एकेएमच्या गोळीचा वेग सेकंदाला 715 मीटर आहे, एम416 चा 880. डॅमेज एकेएमचं जास्त. तरी लांबच्या पळत्या माणसाला माझ्या गोळ्या लागतात त्या एम416 नेच. हे रिकॉइलमुळे (गोळी सुटताना बंदुकीला बसणाऱ्या झटक्यामुळे) की वेगामुळे?

रॉकेटवाला: रिकॉइलचा हात आहेच. दोन्ही बंदुका सिंगलवर (एका दाबाला एकच गोळी) ठेवून बघ, म्हणजे उरेल तो बराचसा वेगाचा फरक.

हिशोब करू. अंतर 200 मीटर, हवेचा अडथळा सोडून दे. एकेएमची गोळी 0.28 सेकंदात पोचते, एम416 ची 0.23 मध्ये. समोरचा सेकंदाला 6 मीटरने आडवा पळत असेल, तर लीड (त्याच्या पुढे धरायचा नेम) एकदा 1.7 मीटर घ्यावी लागते, एकदा 1.4. हे तीस सेंटिमीटर म्हणजे आख्खं डोकं! शिवाय ड्रॉप वेळेच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केलास तर गोळी चौपट खाली येते. जवळून मारताना यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून हा आकडा कुणी मनावर घेत नाही.

पण वेगाची खरी किंमत कळते टीम फोर्ट्रेस 2 या गेममध्ये. मी तिथे सोल्जरच (रॉकेट मारणारं पात्र) खेळतो. साधं रॉकेट सेकंदाला 1100 युनिट (गेममधलं अंतराचं माप) जातं, डायरेक्ट हिट या त्याच्या दुसऱ्या लाँचरचं 1980. स्काउट (दुसरं एक पात्र) पळतो 400 ने. तो 550 युनिटवर असताना साधं रॉकेट सोडलं, तर त्याच्या हाती अर्धा सेकंद असतो. तेवढ्यात तो 200 युनिट सरकतो, आणि स्फोटाची त्रिज्या आहे 146. रॉकेट दिसल्या दिसल्या बाजूला झाला तर सुटला! डायरेक्ट हिटपुढे त्याला जेमतेम 111 युनिट मिळतात. वर डॅमेज 25 टक्के जास्त. मग सगळे तेच का घेत नाहीत? कारण स्फोटाची त्रिज्या 70 टक्क्यांनी कापली आहे. पायाशी मारून भागत नाही, अंगावरच बसावं लागतं. वेग दिला आणि चुकायची मुभा काढून घेतली. मला हे डिझाइन फार आवडतं.

तेव्हा वेग म्हणजे समोरच्याला मन बदलायला किती वेळ देतोस, एवढंच.

फ्रेम_साठ: कोडच्या बाजूने एक भर. सेकंदाला 60 टिक (गेम सगळ्यांच्या जागा नव्याने मोजतो ते टप्पे) धरले तर 715 ची गोळी एका टिकमध्ये जवळपास 12 मीटर पुढे जाते. नुसती नवी जागा तपासली तर ती भिंतीतून आरपार जाईल, म्हणून जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ टाकून टक्कर बघतात.

आडवा_पळ: मग सगळंच हिटस्कॅन का नाही करत? रेघ तर तशीही टाकायचीच आहे.

रॉकेटवाला: मग चुकवणार काय, दादा? हिटस्कॅनमध्ये ट्रिगर दाबला त्याच क्षणी निकाल लागतो. स्काउटला तो अर्धा सेकंद मिळतो म्हणूनच त्याच्याशी खेळायला मजा येते.