मदत हवी आहे: पालिका किंवा सरकारी रुग्णालयात दर आठवड्याला तोच थेरपिस्ट मिळेल का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. वय २४. आम्ही परळला चाळीत राहतो. दोन वर्षं एका पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवतोय. आधी डिप्रेशन म्हणाले, मग बायपोलर, आणि गेल्या पावसाळ्यात केस पेपरवर बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं आलं.

गोळ्या तिथेच मिळतात, रांगेबद्दलही तक्रार नाही. अडतंय ते डॉक्टर बदलतात तिथे. मार्चमध्ये एका मॅडमसमोर ती पहिल्यांदा मोकळं बोलली. घरी येऊन स्वतःहून आईला जेवायला वाढलं. पुढच्या तारखेला खुर्चीत दुसरेच डॉक्टर, आणि "कधीपासून त्रास आहे?" इथून पुन्हा सुरुवात. त्या दिवशी तिने केस पेपरचे चार तुकडे केले. मी ते सेलोटेपने जोडून ठेवलेत. आपल्याला सगळे सोडून जातील ही धास्ती ज्या आजारात सगळ्यात जास्त छळते, त्याच्याच पेशंटला दर खेपेला नवा चेहरा! निवासी डॉक्टरांचा दोष नाही, त्यांची पोस्टिंगच बदलते. पण तिला ते कसं समजावू?

या आजारासाठी म्हणून वेगळी गोळी नाही, भर बोलण्याच्या उपचारावर असतो, एवढं मला कळलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्याची उपचारपद्धत यासाठीच आहे: दर आठवड्याला एकटीची बैठक, शिवाय गटात भावना सांभाळायला शिकवतात. खाजगीत परवडत नाही, मी भिवंडीला गोदामात कामाला आहे.

मुंबईत, अगदी ठाण्यापर्यंत, कुणाला सरकारी ठिकाणी वर्षभर तोच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळालाय का? त्यासाठी ओपीडीत काय बोलायचं, अर्ज द्यायचा की मेडिकल सोशल वर्करला गाठायचं? स्वतःचा अनुभव असेल तर सांगा.

आणि रात्री ती "तूही जाणारच" म्हणते तेव्हा तुम्ही काय बोलता? मी "नाही जाणार" म्हणतो, पण सकाळी सहाची लोकल पकडली की ठाणं येईपर्यंत तिचे वीस मिस्ड कॉल.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माहीत आहे. दोन रात्री तिथल्या ताईंनी तिला मराठीतून शांत केलं, उपकार विसरणार नाही. पण तिथेही आवाज दरवेळी वेगळा.

"नाटकं करते", "लग्न लावून द्या" हे कृपया नको. आमची आत्या ते रोज सांगते, आणि बहीण भिंतीपलीकडून ऐकते.

पुढची तारीख येत्या सोमवारची आहे.